नेमका कोणता ‘पंच’? एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मूळ शोधायची रीत

कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्तीचा निकाल देतो तो पंच. चप्पल लाइनीत कातड्याला भोक पाडतो तो पंच. उद्यमनगरात ड्रिल मारण्याआधी पत्र्यावर खूण उठवतो तो सेंटर पंच. शिरोलीच्या कारखान्यात गेटवर अंगठा लावतात तो पंच, बॉक्सर मारतो तो पंच, हॉटेलच्या मेनूकार्डावर फ्रूट पंच, आणि विनोदाच्या शेवटी बसतो तोही पंच. यातला पहिला सोडला तर बाकी सगळे इंग्रजीतून आलेले. त्या इंग्रजी पंचांतला एक मात्र आपल्याकडूनच तिकडे गेला असावा, असं बऱ्याच कोशकारांचं मत आहे.

एका शब्दाचे इतके अर्थ असले की मूळ एकच की अनेक, हे कसं ठरवायचं? शिक्षकांना, भाषेच्या विद्यार्थ्यांना आणि हौशी माणसालाही जमेल अशी रीत खाली दिली आहे. उदाहरण पंचाचंच घेतलं आहे, कारण शब्दांच्या अभ्यासात होणाऱ्या बहुतेक चुका या एका शब्दावर करून पाहता येतात.

शब्द निवडताना

पहिल्यांदाच बसणार असाल तर ‘सेट’ किंवा ‘रन’ घेऊ नका. 1989 साली निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्यात शिरलेला नवखा माणूस आठवडाभर बाहेर येत नाही. ज्या शब्दाला कोशात तीन ते पाच वेगळ्या नोंदी आहेत आणि जो आपल्या गावात रोज वापरला जातो, असा शब्द घ्या.

लागणारं साहित्य

5 बाय 3 इंचांची कोरी कार्डं, साधारण पन्नास. मोबाइलमध्ये टिपणं काढली तरी चालतील, पण कार्डं टेबलावर पसरून हलवता येतात, आणि या कामात तेच महत्त्वाचं आहे.

इंग्रजीसाठी निदान दोन कोश हवेत: एक ऑक्सफर्डचा, दुसरा मेरियम-वेबस्टर. मेरियम-वेबस्टर नेटवर मोफत आहे आणि शब्द पहिल्यांदा कधी आढळला ते साल देतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला वर्गणी लागते, मात्र 1928 साली पूर्ण झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचे खंड स्कॅन करून नेटवर ठेवलेले आहेत. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हे संकेतस्थळ झटपट अंदाजासाठी चांगलं, पण शेवटचा शब्द म्हणून नव्हे.

भारतीय धागा तपासायला तीन गोष्टी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1831, वाढवलेली आवृत्ती 1857), दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि 1886 चा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोफत शोधता येतात. छापील पुस्तकं घेऊनच बसायचं असेल तर 1850 साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाचं बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. संदर्भ विभागात कोणते कोश आहेत ते आधी विचारून घ्या.

मोल्सवर्थमध्ये शोधताना एक अडचण हमखास येते. आजचं ‘पाच’ टाकलं तर हवी ती नोंद हुकते, कारण तिथे ‘पांच’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं आहे. उच्चारात नसलेले अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढले. त्याआधीच्या कोणत्याही कोशात शब्द सापडला नाही, तर डोक्यावर टिंब देऊन पुन्हा शोधा.

आधी वाक्यं, मग कोश

बहुतेक लोक थेट कोश उघडतात आणि तिथेच फसतात. कोशातले वीस अर्थ एकदम समोर आले की सगळे सारखेच महत्त्वाचे वाटू लागतात. म्हणून आधी वापरातली वाक्यं जमवा. प्रत्येक कार्डावर एकच वाक्य, खाली कुठे ऐकलं किंवा वाचलं ते, आणि त्या जागी चपखल बसणारा मराठी शब्द. एका अर्थाची किमान दोन वाक्यं हवीत. एकच असेल तर तो वापर एखाद्या माणसाची लकब असू शकतो.

पंचासाठी असं काम केलं की कार्डावर साधारण हे येतं: गुद्दा किंवा ठोसा, भोक पाडायचं हत्यार, खूण उठवायचं हत्यार, अक्षरं-आकडे उमटवायचा नंबर पंच, डायच्या जोडीचा, प्रेसमधला पंच, पूर्वी एसटीच्या कंडक्टरच्या हातात असायचा तो तिकिटाला भोक पाडणारा पंच, हजेरीची नोंद, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत डिझाइन तयार करणं, ज्याला त्या धंद्यात पंचिंगच म्हणतात, पेय, विनोदाची शेवटची ओळ, आणि कुस्ती-क्रिकेटमधला निवाडा करणारा.

हत्यारांच्या बाबतीत धंद्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय कार्ड भरू नका. ‘खूण उठवायचा पंच’ एवढंच लिहिलं तर ते अर्धवट राहतं. आखलेल्या रेघेवर बारीक टिंबं उठवायचा तो डॉट पंच, त्याचं टोक 60 अंशांचं. ड्रिलचं टोक घसरू नये म्हणून खोलगट जागा करायची ती सेंटर पंचाने, त्याचं टोक 90 अंशांचं. कोश या दोघांना एका ओळीत गुंडाळतो. टर्नर-फिटर गुंडाळत नाही.

कोशातली नोंद वाचायची कशी

कोश उघडल्यावर पहिली नजर अर्थांवर नको, शब्दाच्या डोक्यावरच्या छोट्या आकड्यावर हवी. एकाच स्पेलिंगचे शब्द 1, 2, 3 असे आकडे देऊन वेगवेगळे मांडलेले असतात. आकडा बदलला म्हणजे कोशकाराच्या मते कुळ बदललं. नोंदीच्या आत 1, 2, 3 असे जे अर्थांचे आकडे येतात ते मात्र एकाच कुळातले. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की सगळा हिशेब बिघडतो.

हे आकडे कोशागणिक बदलतात. कोणी नामं आणि क्रियापदं वेगळी मोजतो, कोणी एकत्र. त्यामुळे कार्डावर नुसतं ‘पंच 3’ लिहून ठेवलंत तर महिन्याने त्याचा काही उपयोग नाही. सोबत कोशाचं नाव हवंच.

मग चौकटी कंसातला मजकूर वाचा. शब्द कुठून आला ते तिथे असतं. त्यात ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘मूळ अज्ञात’ असं काही असेल तर ते जसंच्या तसं उतरवा. नक्कल करताना हेच शब्द आधी गळतात, आणि ‘कदाचित’ गळालं की अंदाजाचं सत्य होतं. मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली सालवार वाक्यं दिलेली असतात. त्यातलं पहिलं साल टिपा. ते छापील किंवा हस्तलिखित पुराव्याचं साल आहे. शब्द बोलण्यात त्याआधीही असणार.

स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर मोठं आहे का तेही पाहा. मोठा ‘पी’ असेल तर ते विशेषनाम, आणि त्याची वाट वेगळी.

हत्याराची साखळी

आता कार्डं टेबलावर पसरा आणि जी एकमेकांना चिकटतात ती जवळ आणा. कसोटी सोपी आहे: एका अर्थावरून दुसऱ्यावर जायला एक पाऊल पुरतं का, आणि ते पाऊल हाताने करून दाखवता येतं का?

जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराला ‘पाँशाँ’सारखा शब्द होता, तो लॅटिन ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे, या क्रियापदाच्या कुळातला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो हत्यार म्हणून दिसतो, आणि त्याच सुमाराला क्रियापद म्हणून ढोसणे, काठीने टोचून गुरं हाकणे या अर्थानेही. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात ते यातूनच, त्याचा बुक्क्यांशी संबंध नाही. काठीने ढोसण्यापासून मुठीने ढोसण्यापर्यंत एकच पाऊल, आणि सोळाव्या शतकात ठोसा हा अर्थ लेखी सापडतो. पंचलाइन त्याच ठोशाची, पण ती फार अलीकडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.

दुसरी फांदी भोकाची. हत्याराने भोक पाडणे, मग भोक पाडलेलं कार्ड. जॅकार्ड मागावर नक्षी ठरवणारी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. ती रचना फ्रान्समध्ये 1800 च्या सुमाराची. इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने मोजणीसाठी भोकांची कार्डंच वापरली. कारखान्यातल्या हजेरीचं कार्डही घड्याळाच्या यंत्रात घालून पंच करत. आता यंत्र बोटाचा ठसा वाचतं, कार्ड नाही, भोकही नाही, पण शब्द राहिला. एम्ब्रॉयडरीतल्या पंचिंगचंही तेच: पूर्वी यंत्राला भोकांची पट्टी लागायची, आता फाइल लागते.

साखळीत अशी एखादी कडी गायब झालेली असते तेव्हाच लोक नवी कहाणी रचतात. अंगठा ‘ठोसतात’ म्हणून पंच, असं स्पष्टीकरण कुणी दिलं तर ते ऐकायला बरं आहे आणि चूक आहे.

साखळी जुळली की तिचे चुलत भाऊ शोधा. कुळ बरोबर असेल तर ते सापडतातच. पुंगेरेच्या घरातून पॉइंट आला, पंक्चर आला, विरामचिन्हांसाठीचं पंक्चुएशन आलं, वेळेवर येणारा पंक्चुअल आला, झणझणीत चवीसाठीचा पंजंट आला. रंकाळ्यावर टायरमधला खिळा काढणारा आणि पंचाने चपलेला भोक पाडणारा, दोघांचे शब्द एकाच लॅटिन क्रियापदाचे.

पेयाचा पंच: इथे सावकाश

मराठी वाचकाचा तोल जातो तो इथे. पाच जिन्नस, म्हणून पाच, म्हणून पंच: गोष्ट इतकी गोड आहे की पुरावा मागावासाच वाटत नाही. पुरावा मात्र आहे, आणि त्याला आडवा जाणाराही आहे. दोन्ही बाजू कार्डावर आल्या पाहिजेत.

बाजूने काय आहे? काळ आणि जागा दोन्ही जुळतात. पेयाच्या अर्थाने हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा दिसतो तो 1632 साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने लिहिलेल्या पत्रात, म्हणजे इंग्लंडातल्या खानावळीत नव्हे तर हिंदुस्थानच्या व्यापारात. 1670 च्या दशकात कोकण-गोव्याच्या बाजूला फिरलेला डॉक्टर जॉन फ्रायर स्पष्ट लिहितो की पाच जिन्नसांचं म्हणून या पेयाला हे नाव, आणि हिंदुस्थानी भाषेत पाचाला तो शब्द आहे. त्याचा ग्रंथ 1698 साली छापला गेला. हॉब्सन-जॉब्सननेही हाच पक्ष उचलला आणि दारू, साखर, लिंबाचा रस, मसाला व पाणी असे पाच जिन्नस मोजून दाखवले.

विरुद्ध काय आहे? पहिली गोष्ट, जिन्नस. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने ‘पालेपुंट्झ’ नावाचं पेय नोंदवलं: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. हे चारच झाले. कॅरिबियन बेटांवरचं जुनं प्रमाणही चारांचं: आंबट एक, गोड दोन, कडक तीन, पातळ चार. पाचवा मसाला वरून. दुसरी गोष्ट, स्वर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज त्या स्पेलिंगमधला ‘यू’ उकारासारखा उच्चारत, म्हणजे ‘पुंच’. ‘पांच’ ऐकणाऱ्याने तसं का लिहावं? फ्रायर स्वतः ‘ए-यू’ घालून वेगळं स्पेलिंग करतो. तिसरी, दुसरा उमेदवार हजर आहे: जहाजावरच्या मोठ्या पिपाला ‘पंचन’ म्हणत, आणि खलाशांनी त्याचाच तुकडा पाडला असेल, असं काहींचं म्हणणं आहे.

यात मराठी माणूस भर घालू शकतो अशी एक गोष्ट आहे. ‘पाच’मधला च दाताजवळचा, ‘चाक’मधल्या चसारखा. ‘पंच’मधला च तालव्य, ‘चहा’मधल्यासारखा. इंग्रजी शब्दातला ध्वनी दुसऱ्याशी जुळतो. त्यामुळे इंग्रजांनी शब्द उचलला असेलच, तर मराठी ‘पाच’पेक्षा हिंदुस्थानी ‘पाँच’ किंवा संस्कृत वळणाचा ‘पंच’ जास्त संभवतो. मांडेल्स्लोच्या ‘ट्झ’मध्ये मराठी च सापडला म्हणून उडी मारू नका, लिहिणारा जर्मन आहे आणि ते जर्मन वळणाचं लेखन आहे.

मग कार्डावर लिहायचं काय? असं:

‘पेय. इंग्रजीत 1632 पासून. बहुधा हिंदुस्थानी पाँच/पंच यावरून. फ्रायर व हॉब्सन-जॉब्सन या बाजूचे. आक्षेप: जुना उच्चार पुंच, जिन्नस कधी चार. पर्यायी मूळ: पंचन, पीप. ठोशाच्या पंचाशी संबंध नाही.’

‘बहुधा’ हा शब्द ठेवायचा. त्याने टिपण कमकुवत होत नाही.

हे मूळ धरलं तर या पंचाचं आणि आपल्या पंचांचं कुळ एकच ठरतं. निवाडा करणारे पाच जण म्हणून पंच, त्यांची पंचायत, तिचाच झालेला पंचाईत, फारसी ‘नामा’ जोडून पंचनामा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा. आणि संस्कृत पंच, ग्रीक पेंटे, इंग्रजी फाइव्ह यांचं मूळ एकच आहे, हे तुलनात्मक भाषाशास्त्रात पक्कं मानलं जातं. म्हणजे कुस्तीचा पंच हा फाइव्हचा नातेवाईक, पण बॉक्सिंगच्या पंचाचा कोणीही नाही. एकाच मैदानात दोघे उभे राहिले तरी.

उरलेले दोन

मोठ्या ‘पी’चा पंच हा कळसूत्री खेळातला. इटालियन पुल्चिनेला या पात्राचं इंग्रजीत पंचिनेलो झालं आणि मग नुसता पंच. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेप्सने 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा असा खेळ पाहिल्याची नोंद आहे. ‘पंचासारखा खूश’ हा इंग्रजी वाक्प्रचार याच पात्राचा. 1841 मध्ये लंडनला निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने ते नाव घेतलं आणि त्याच्या देखादेखी 1877 मध्ये लखनौला उर्दू ‘अवध पंच’ निघालं. इथे देवनागरीत वाचणारा हटकून फसतो आणि न्याय करणारा पंच समजून बसतो.

सफोक पंच ही इंग्लंडची ओढकामाच्या घोड्याची जात, बुटकी आणि भरदार. बुटक्या जाड्या माणसाला बोलीत पंच म्हणत, त्यावरून. एवढं पुरे. कंपन्या गाड्यांना आणि वस्तूंना देतात ती नावं या कामात घेऊ नका. ती व्युत्पत्तीने नव्हे, जाहिरातीच्या बैठकीत ठरतात.

कुठे चुकतं

सर्वांत जास्त चुका आद्याक्षरांच्या गोष्टींनी होतात. ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ’ हे शाळेच्या फळ्यावरही लिहिलेलं सापडतं. न्यूज हे ‘न्यू’चं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी या अर्थाचं, फ्रेंच ‘नूव्हेल’च्या वळणावर घडलेलं. विसाव्या शतकाआधीचा कोणताही साधा शब्द आद्याक्षरांतून आला असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याकडे साल आणि कागद मागा.

दुसरी चूक नुसत्या ध्वनिसाम्याची. दोन शब्द सारखे ऐकू आले की नातं जुळवायचं, ही सवय वाईट. साल, वाट (कोण कोणाला कुठे भेटलं), ध्वनी आणि अर्थातलं पाऊल, या चारही गोष्टी जुळल्या तरच नातं धरा. तीन जुळल्या तर ‘बहुधा’. दोनच जुळल्या तर कार्ड बाजूला ठेवा.

तिसरी चूक उलट्या दिशेची: मराठीतला वापर इंग्रजीवर लादणं. हजेरीसाठी ‘पंच कर’ असं आपण म्हणतो. इंग्रजीत त्यापुढे ‘इन’ किंवा ‘आउट’ लागतं. मराठीतला वापर वेगळ्या कार्डावर, वेगळ्या रंगाच्या शाईने लिहा.

पुढचे शब्द

हात बसल्यावर ‘बॅट’ घ्या. वटवाघूळ आणि क्रिकेटची बॅट यांची कुळं वेगळी; वटवाघळाचा शब्द आधी ‘बाके’ असा काहीसा होता आणि नंतर बदलत बॅट झाला. ‘मॅच’मध्येही तसंच: सामना हा जोडीदार या जुन्या इंग्रजी अर्थाचा, काडी ही वातीसाठीच्या फ्रेंच शब्दाची.

‘बार’ थोडा फसवा आहे. लोखंडी बार, दारूचा बार आणि वकिलांचा बार हे तिन्ही एकाच आडव्या दांड्याचे. कॉम्प्रेसरच्या मीटरवरचा दाबाचा बार मात्र ग्रीक ‘बारोस’, वजन, यातला, म्हणजे परका. 2025 च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे, त्यामुळे बार आणि बेंच हे दोन्ही शब्द वर्तमानपत्रात सतत असतात; वाक्यांना तोटा नाही. बेंचचं कार्ड करताना शेजारी ‘बँक’चं ठेवा. पैशाची बँक इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आलेली, आणि तो बाक व न्यायाधीशांचा बेंच मुळात एकच जर्मानिक शब्द. नदीच्या काठाची बँक कोशात वेगळ्या आकड्याखाली दिसेल, पण चौकटी कंस शेवटपर्यंत वाचलात तर तिचाही धागा त्याच बाकापाशी जाऊन मिळतो.